रोल कोणी देत नसतं: टीना फेची २००८ ची केस

शनिवार, १३ सप्टेंबर २००८. अमेरिकन विनोदी लेखिका आणि नटी टीना फे दिवसा थर्टी रॉक या आपल्या कॉमेडी सिरियलच्या शूटिंगमधे अडकलेली, कारण त्या दिवशी पाहुणी कलाकार म्हणून ओप्रा विन्फ्री येणार होती आणि ओप्राची तारीख एकदा मिळाली की तुम्ही ती हलवत नाही. त्याच रात्री साडेअकराला सॅटर्डे नाइट लाइव्ह, म्हणजे एसएनएल, या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या नव्या सीझनचा पहिला शो, लाइव्ह, आणि त्यात हिने उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन व्हायचं ठरलेलं. रविवारी घरी मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाची पार्टी, थीम पीटर पॅन. हे सगळं तिने स्वतःच नंतर पुस्तकात मजेत लिहून ठेवलंय. आता यात विचित्र काय, तर एसएनएल तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलेलं, ती तिथे नोकरीलाही नव्हती आणि नकला करणं हा आपला प्रांत नाही असं ती स्वतःच सांगते. तरी पुढच्या सात आठवड्यांत अमेरिकेत सगळ्यात जास्त चर्चा कुठल्या विनोदी नटीची झाली असेल तर हिची.

याचं लोक एका दमात उत्तर देतात. चेहरा सारखा होता, चष्मा घातला, झालं काम, नशीब. मला हे अर्धंच पटतं. नशीब होतंच, त्याचा हिशोब शेवटी करू. पण सारख्या चेहऱ्याचं माणूस फार तर दोन मिनिटं हसू आणतं, तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षक घड्याळ बघायला लागतो. हिच्या बाबतीत ते सात आठवडे टिकलं. ते कशामुळे टिकलं ते कळायला १९९२ पर्यंत मागे जावं लागतं, आणि त्या वाटेवर एक गोष्ट परत परत दिसते: या बाईला जवळपास कधीच कोणी तयार रोल हातात दिलेला नाही.

तेव्हा नेमकी परिस्थिती काय होती

रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेननी २९ ऑगस्टला पेलिनचं नाव उपराष्ट्राध्यक्षपदासाठी जाहीर केलं. अलास्काची गव्हर्नर, बाकीच्या देशाला फारशी माहीत नसलेली. टीव्हीवर दिसली आणि लगेच लोक म्हणायला लागले, अरे ही तर टीना फे. एसएनएलचा निर्माता लॉर्न मायकल्स, आणि थर्टी रॉकच्या निर्मात्यांमधेही तोच, त्यामुळे "नाही जमणार, आमचं शूटिंग आहे" ही सबबसुद्धा तिला नीट देता येण्यासारखी नव्हती.

आणि थर्टी रॉकचं काय चाललेलं? दोन सीझन झालेले. समीक्षक डोक्यावर घेऊन नाचत होते, २००७ ला सर्वोत्तम कॉमेडी सिरियलचं एम्मी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालेलं, पण बघणारे कमी. ही सिरियल तिनेच रचलेली, तीच मुख्य लेखकांपैकी एक आणि तीच नायिका, म्हणजे चालली नाही तर बोट दाखवायला दुसरं कोणी नाही. त्यात २००६ ला सुरू झाली तेव्हा त्याच चॅनलवर, त्याच सीझनला, त्याच विषयावर, म्हणजे एका लाइव्ह कॉमेडी शोच्या पडद्यामागे काय चालतं यावर, नावाजलेला लेखक एरन सॉर्किन याची एक तासाची भारी सिरियल आलेली. पैसा, नावं, जाहिरात सगळं तिच्या बाजूला. ती एका सीझनमधे बंद पडली आणि ही टिकली. पण टिकली म्हणजे काय, दर वर्षी श्वास रोखून.

तर केस अशी आहे: दर्जा आहे, मान आहे, प्रेक्षक नाहीत, वेळ तर अजिबातच नाही, आणि अशा वेळी न मागता एक रोल समोर येतो जो तुमच्या हातखंड्याचा नाही. काय करायचं?

शिकागो

फे १९९२ ला व्हर्जिनिया विद्यापीठातून नाटकाची पदवी घेऊन बाहेर पडली आणि शिकागोला आली. शेजारच्या एव्हन्स्टनमधे वायएमसीएच्या फ्रंट डेस्कवर नोकरी, पहाटेची शिफ्ट, आणि उरलेल्या वेळात सेकंड सिटी या विनोदी नाट्यसंस्थेचे इम्प्रोव्हचे, म्हणजे स्क्रिप्टशिवाय नाटक करायचे, क्लास. शिकागोच का, कारण हा प्रकार मुळात तिथलाच. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी तिथे मुलांसोबत काम करता करता नाटकाचे खेळ तयार केले, त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने ते खेळ मोठ्यांच्या रंगभूमीवर आणले, १९५५ ला कंपास प्लेयर्स निघालं आणि त्यातून डिसेंबर १९५९ ला सेकंड सिटी. नावही झकास, न्यूयॉर्करमधे शिकागोला दुय्यम शहर म्हणून हिणवणारे लेख आलेले, यांनी तीच शिवी उचलून दारावर पाटी म्हणून लावली. समोरच्याने जे फेकलं ते घ्यायचं आणि वापरायचं. म्हणजे इम्प्रोव्हचा पहिला नियम बिल्डिंगच्या पाटीवरच.

तो नियम म्हणजे "यस, अँड". स्क्रिप्ट नसते, प्रेक्षकांकडून एखादा शब्द घ्यायचा आणि उभ्या उभ्या प्रसंग रचायचा, मग समोरच्याने जे मांडलंय ते मान्य करायचं आणि त्यात स्वतःचं काहीतरी घालायचं. समजा समोरचा म्हणाला, "बाई, तुमचा घोडा परत पळाला." यावर "माझ्याकडे घोडाच नाही" म्हटलं की हशा कदाचित मिळेल पण त्या बिचाऱ्याच्या पायाखालची फळी तुम्ही काढून घेतली, आता दोघंही हवेत. त्याऐवजी "हो ना, आणि या वेळी माझी पर्स पण घेऊन गेला" म्हटलं की घोड्याला स्वभाव आला, बाईला इतिहास आला, पुढे पाच मिनिटं खेळता येतं. दुसरा नियम असा की प्रश्न विचारत बसू नका, विधान करा. आपण कुठे आहोत, तू कोण, हे काय आहे असं विचारत राहिलं की सगळं ओझं समोरच्यावर. हे वाचायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात माणसाचा पहिला धक्का नेहमी "नाही" कडेच जातो.

आता माझ्या मते या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो आणि बाहेरच्या माणसाला तो सहसा माहीत नसतो. सेकंड सिटीचा मुख्य शो इम्प्रोव्ह नसतो! तो बसवलेल्या स्केचेसचा, म्हणजे छोट्या विनोदी प्रवेशांचा, शो असतो. पण ती स्केचेस येतात कुठून, तर रात्री मुख्य शो संपला की कलाकार परत स्टेजवर येतात आणि इम्प्रोव्ह करतात, त्यातलं जे चालतं ते लक्षात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी घासायचं, परत करून बघायचं, नको ते छाटायचं, आणि असं काही महिने केलं की नवा शो उभा. म्हणजे तिथे इम्प्रोव्ह ही लिहिण्याची पद्धत आहे, फक्त कागदाऐवजी स्टेज आणि खोडरबर म्हणून प्रेक्षकांची शांतता. यावर तिथे जुना वादही आहे. बर्नी सॅलिन्स, सेकंड सिटीच्या संस्थापकांपैकी एक, त्यांचं म्हणणं इम्प्रोव्ह हे कच्चा माल काढायचं साधन. इम्प्रोव्हचा गाजलेला शिक्षक डेल क्लोज, त्याचं म्हणणं उलट, इम्प्रोव्ह हीच कला, ती तशीच प्रेक्षकांपुढे ठेवायची, आणि तो शार्ना हाल्पर्नबरोबर इम्प्रोव्हऑलिम्पिक या शिकागोतल्या दुसऱ्या संस्थेत तेच शिकवत होता. फे दोन्हीकडे शिकली. पण तिचं करिअर बघितलं तर ती सॅलिन्सच्या बाजूची वाटते, निदान मला तरी. तिला जे सुचतं ते हवेत सोडून द्यायला आवडत नाही, ती ते घरी नेते आणि लिहून काढते.

तिथलाच एक प्रसंग. टूरिंग कंपनीतून वर सरकायची वेळ आली तेव्हा सेकंड सिटीच्या मुख्य संचात चार पुरुष आणि दोन बायका अशी रीत होती. कोणीतरी सुचवलं की तीन-तीन करूया. यावर उत्तर काय आलं, तर बायकांना पुरेसे रोल मिळणार नाहीत. फेने हे लिहिलंय आणि त्यावरचा तिचा वैताग अगदी सरळ आहे: अरे पण आपण शो स्वतःच रचतोय ना, मग रोल कमी पडतील कसे? एखादं जुनं नाटक करायचंय आणि त्यात बायकांची पात्रं दोनच आहेत असं असेल तर समजू शकतो, इथे तर कागदच कोरा आहे. शेवटी तीन-तीनचा पहिला संच झाला आणि त्यातली तिसरी बाई हीच होती.

मला वाटतं तिथे तिला जे कळलं ते पुढे सगळीकडे उपयोगी पडलं. "रोल नाहीत" हे वाक्य ऐकलं की नट निराश होतो, लेखक मात्र विचारतो, कोणी लिहिलेत रोल? मी लिहू का?

लेखकांच्या खोलीत

१९९७ ला ती एसएनएलमधे गेली, लेखक म्हणून. तेव्हाचा हेड रायटर ॲडम मकाय स्वतः सेकंड सिटीचा, त्याने स्क्रिप्ट पाठव म्हणून सांगितलं, तिने पाठवल्या, नोकरी लागली. ऑडिशन वगैरे काही नाही. स्टेजवर रोज रात्री टाळ्या घेणारी बाई न्यूयॉर्कला जाऊन एका खोलीत बसली आणि दुसऱ्यांसाठी लिहायला लागली. नट म्हणून बघितलं तर ही पायरी खाली उतरणंच आहे.

पण एसएनएलचा आठवडा कसा चालतो ते बघा. सोमवारी सगळे मायकल्सच्या ऑफिसमधे दाटीवाटीने बसून पाहुण्या होस्टसमोर कल्पना मांडतात. मंगळवारी रात्रभर लिहायचं. बुधवारी टेबलाभोवती चाळीसेक स्क्रिप्ट मोठ्याने वाचल्या जातात आणि त्यातल्या मूठभर उरतात. गुरुवार-शुक्रवार परत लिहिणं आणि तालीम, शनिवारी रात्री आठला खऱ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, तिथे अजून काही स्केचेस मरतात, आणि साडेअकराला लाइव्ह. ज्याने स्केच लिहिलं त्यानेच सेट, कपडे, कॅमेरा यांच्या मागे लागायचं. म्हणजे सेकंड सिटीला जे महिन्यांमधे होतं ते इथे सहा दिवसात. रात्री स्टेजवर करून बघ, सकाळी छाट, परत कर, ही सवय असलेल्या माणसाला हे घरच्यासारखं वाटणार, आणि नुसता टेबलावर बसून सुंदर लिहिणारा माणूस इथे पहिल्या बुधवारीच कोलमडणार. १९९९ ला फे हेड रायटर झाली. शो १९७५ पासून चालू, तोवर एकही बाई त्या जागेवर बसलेली नव्हती.

कॅमेऱ्यासमोर ती आली २००० ला, वीकेंड अपडेट या एसएनएलमधल्या खोट्या बातम्यांच्या डेस्कवर, जिमी फॅलनबरोबर, नंतर २००४ पासून एमी पोलर. आणि तिथेही पात्र काय तर टीना फे. खोटी बातमी वाचणारी, चष्मा घातलेली, तिरकस बोलणारी बाई. कलाकार म्हणून नाव लागलं पण ती पात्रं फार कमी करायची, हा रोल तिच्या लेखणीतूनच आलेला.

मीन गर्ल्सचं थोडक्यात सांगतो. २००४ चा सिनेमा, मूळ पुस्तक शाळकरी मुलींच्या वागण्याबद्दलचं, माहितीपर, त्यात गोष्टच नाही. पटकथा पूर्ण उभी करावी लागली. स्वतःसाठी रोल कुठला ठेवला? गणिताच्या बाईंचा. नायिका वगैरे व्हायचा मोह नाही.

थर्टी रॉकची सुरुवातही बघण्यासारखी आहे. तिने एनबीसीला आधी वेगळीच कल्पना सांगितलेली, केबल न्यूज चॅनलवरची सिरियल. चॅनलवाल्यांनी सांगितलं की जे तुला माहीत आहे त्यावरच लिही ना. दुसरा एखादा लेखक तोंड पाडून घरी गेला असता. हिने ते घेतलं आणि एका कॉमेडी शोच्या हेड रायटर बाईची गोष्ट लिहिली, मग अर्थातच तो रोल तिच्याशिवाय कोण करणार.

इथे एक कडू गोष्ट आहे आणि ती टाळून ही केस सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. रेचल ड्रॅच. सेकंड सिटीच्या त्याच तीन-तीनच्या संचात दोघी एकत्र, नंतर दोघींनी मिळून दोनपात्री शो केला, आधी शिकागोला आणि मग न्यूयॉर्कला. ड्रॅच १९९९ ला एसएनएलमधे कलाकार म्हणून आली, सात वर्षं अफाट पात्रं केली, नुसती नटी म्हणून बघायचं तर ती फेपेक्षा काकणभर सरसच. थर्टी रॉकच्या पायलटमधे, म्हणजे चाचणीच्या पहिल्या एपिसोडमधे, जेना या पात्राचा रोल तिलाच होता. पायलट झाला आणि रोल गेला, जेन क्राकोव्स्की आली, ड्रॅचला पहिल्या सीझनमधे वेगवेगळे छोटे रोल दिले गेले. शिक्षण तेच, स्टेज तेच, मैत्रीण स्वतः सिरियलची कर्ती, तरीही. "रोल आपणच रचायचा" हे ऐकायला छान आहे पण मैत्रिणीने रचलेला रोलसुद्धा चॅनलच्या मीटिंगमधे हातातून जाऊ शकतो. फेकडे लेखकाची खुर्ची होती म्हणून ती हलली नाही. ड्रॅचकडे फक्त रोल होता.

सात आठवडे

परत १३ सप्टेंबर. स्केच असं होतं की पेलिन आणि हिलरी क्लिंटन दोघी मिळून निवडणुकीतल्या बायकांबद्दलच्या घाणेरड्या शेरेबाजीवर एक संयुक्त निवेदन देतायत. क्लिंटन म्हणजे एमी पोलर, तेव्हा गरोदर, दिवस भरत आलेले. मसुदा मुख्यतः एसएनएलचा लेखक सेथ मायर्स याचा, मग फे आणि पोलरनी त्यावर हात फिरवलेला.

लोकांना फेचा आवाज आठवतो, मला मात्र या स्केचचं इंजिन पोलर वाटते. पेलिन खुशीत आहे, तिला काही लागत नाही, आणि शेजारी उभी क्लिंटन आतून उकळतेय की मी आयुष्य घासलं आणि ही कोण. प्रत्येक हशा दोघींच्या मधल्या फटीतून येतो. फेने एकटीने तोच आवाज काढला असता तर ती फक्त नक्कल झाली असती. दोघी शिकागोपासूनच्या, कधी बोलायचं आणि कधी समोरचीला जागा सोडायची हे त्यांना सांगावं लागत नाही.

आणि ते रशियाचं वाक्य. खऱ्या पेलिनबाई दोन दिवसांपूर्वी एबीसीच्या मुलाखतीत म्हणालेल्या की अलास्कातल्या एका बेटावरून रशिया दिसतो, जे भूगोलाच्या दृष्टीने खरंही आहे. स्केचमधे ते झालं, "मला माझ्या घरातून रशिया दिसतो." केलं काय, तर बेटाच्या जागी घर टाकलं. एक शब्द बदलला आणि मूळ दाव्यातला पोकळपणा उघडा पडला, आणि इतका फिट्ट बसला की आजही अनेकांना ते पेलिनचंच वाक्य वाटतं. यात अन्याय आहे का? आहे थोडा. विनोदाने माणसाच्या तोंडी घातलेलं वाक्य त्याला आयुष्यभर चिकटावं हे काही बरोबर नाही. पण स्केच म्हणून ते अचूक आहे.

मधे २१ सप्टेंबरला एम्मी झाले. फेला त्या एका रात्रीत थर्टी रॉकसाठी तीन मिळाले: सर्वोत्तम कॉमेडी सिरियल, सर्वोत्तम अभिनेत्री आणि सर्वोत्तम लेखन. अभिनय आणि लेखन एकाच रात्री एकाच बाईला. आणि घरी गेल्यावर परत तेच, सिरियलचं शूटिंग आणि शनिवारचं स्केच.

२७ सप्टेंबरचं स्केच माझं आवडतं. त्या आठवड्यात सीबीएसवर पत्रकार केटी कुरिकने घेतलेली पेलिनची मुलाखत आली होती, बँका वाचवायच्या पॅकेजवरचं एक उत्तर इतकं भरकटलेलं की ते ऐकताना माणूस वाक्याचा शेवट शोधत बसतो. आता यावर विनोद काय लिहिणार? त्यांनी फार लिहिलंच नाही. ते उत्तर जवळजवळ जसंच्या तसं फेच्या तोंडी ठेवलं. आणि मग एका प्रश्नावर अडकल्यावर पेलिन म्हणते की मला लाइफलाइन वापरायची आहे, फोन अ फ्रेंड. बघा, पहिला भाग निव्वळ "यस". समोरून आलेलं जसंच्या तसं मान्य, एक शब्द न वाढवता. दुसरा भाग "अँड". मुलाखतीचा गेम शो झाला. इम्प्रोव्हच्या पहिल्या क्लासमधे शिकवतात तेच, फक्त समोरची जोडीदार खोलीत नाही, ती खरी उमेदवार आहे आणि तिला माहीतच नाही की आपण स्टेजवर आहोत.

नकला येत नाहीत म्हणणाऱ्या बाईने ही सुटका शोधली असं मला वाटतं. आवाज शंभर टक्के जुळवायचा ताण घेण्यापेक्षा तिची विचार करायची चाल पकडायची, वाक्य कुठे सुरू होतं, कुठे ती रस्ता सोडते, कुठे डोळा मारून वेळ निभावते. हे लेखकाचं ऐकणं आहे. अर्थात आवाजही चांगलाच जमलेला, उगाच विनय नको.

मग ४ ऑक्टोबरला वादविवादाचं स्केच, खरी चर्चा २ तारखेला झालेली, म्हणजे अठ्ठेचाळीस तासात लिहून, तालीम करून लाइव्ह. १८ ऑक्टोबरला खुद्द पेलिन शोमधे आल्या आणि त्या रात्री एसएनएलला चौदा वर्षांतला सगळ्यात मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. दोघी एकत्र संवाद करतायत असं काही दाखवलं नाही, फे जाते, पेलिन येतात, एकमेकींना ओलांडून. नंतर वीकेंड अपडेटमधे पेलिन डेस्कवर बसून मजेत डोलतायत आणि त्यांचं रॅप एमी पोलर करतेय, बाळंतपणाला एक आठवडा राहिलेला असताना, अक्षरशः. मला तर त्या रात्रीची खरी हिरो पोलरच वाटते, पण तो वेगळा विषय. १ नोव्हेंबरला मॅकेनसुद्धा येऊन गेले, फेच्या पेलिनबरोबर टीव्हीवर वस्तू विकायच्या स्केचमधे. खरा उमेदवार आणि खोटी उपउमेदवार शेजारी शेजारी, आणि बघणाऱ्याला क्षणभर काही चुकल्यासारखं वाटत नाही, इतकी सवय झालेली.

नशीब किती

आता हिशोब. नशिबाच्या खात्यात: चेहरा. मॅकेननी नेमकी हीच बाई निवडणं. एसएनएल आणि थर्टी रॉक दोन्हीकडे तोच निर्माता. पोलर अजून संचात असणं, काही महिने उशीर झाला असता तर ती नव्हती. कुरिकची मुलाखत. हे सगळं तिच्या हाताबाहेरचं आणि यातलं एक जरी नसतं तरी केस वेगळी झाली असती.

तिच्या खात्यात: दुसऱ्याने लिहिलेला मसुदा निमूट घेणं, स्वतः हेड रायटर राहिलेली असून. दोन दिवसात नवं स्केच पेलायची सवय. समोरच्या जोडीदाराला पुढे जाऊ देणं. आणि कुठे काहीही न घालता गप्प बसायचं ते कळणं, जे लेखकांना सगळ्यात अवघड जातं. यातलं काहीही सप्टेंबरमधे शिकता आलं नसतं, ते पंधरा वर्षांचं साठलेलं होतं. २००९ ला पेलिनसाठी तिला पाहुण्या अभिनेत्रीचं एम्मी मिळालं आणि २०१० ला विनोदासाठीचा मार्क ट्वेन पुरस्कार. म्हणजे जिने अभिनयाचा दरवाजा कधी फारसा ठोठावला नाही तिला सगळ्यात जास्त ओळख दिली ती एका सोंगाने, यात विनोद आहे आणि तो तिलाही कळत असणार.

पण "यस" ची एक उधारीही असते. लेखकांच्या खोलीत ज्याला त्याला हो म्हणत, अजून वर चढवत, अजून टोकाला नेत विनोद तयार होतो, आणि त्या चढावर कधीतरी कोणीतरी नाही म्हणायला हवं असतं. थर्टी रॉकच्या काही एपिसोड्समधे गोऱ्या नटांनी चेहरा काळा रंगवला होता, जी अमेरिकेत कृष्णवर्णीयांची अपमानास्पद नक्कल मानली जाते. जून २०२० ला असे चार एपिसोड फेच्याच विनंतीवरून स्ट्रीमिंगवरून काढले गेले, तिने माफीही मागितली. तिथे कागद कोरा होता आणि तिनेच भरलेला, त्यामुळे जबाबदारीही दुसऱ्या कोणाची नाही. इम्प्रोव्हवाले "नाही" ला फार वाईट ठरवतात, मला तो त्यांचा जुना दोष वाटतो. स्टेजवर ठीक आहे, सकाळी छाटायला बसल्यावर मात्र नाही म्हणणारा एक माणूस लागतोच.

आणि मूळ प्रश्न, प्रेक्षकांचं काय झालं? थर्टी रॉकचा तिसरा सीझन ३० ऑक्टोबर २००८ ला सुरू झाला, पेलिनची हवा ऐन भरात असताना, आणि त्या एपिसोडला आधीच्या कुठल्याही एपिसोडपेक्षा जास्त प्रेक्षक मिळाले. पुढच्या आठवड्यांत आकडा परत खाली घसरला. जे पेलिन बघायला आले होते ते पेलिन संपल्यावर गेले, सिरियल सुपरहिट वगैरे झाली नाही, ती आपली त्याच चालीने ३१ जानेवारी २०१३ पर्यंत चालली, एकूण १३८ एपिसोड.

४ नोव्हेंबरला निवडणूक झाली, ओबामा जिंकले, पेलिनचा रोल त्या रात्री आटोपला. थर्टी रॉकच्या सीझनचा तोवर बावीसपैकी एकच एपिसोड दाखवून झाला होता.